सात आठवडे लॅपटॉपविना : मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात कॅड लॅब, म्हणजे संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढायची लॅब, सांभाळतो. दर वर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की गावाकडून फोन यायला लागतात. ॲडमिशन झालं, आता लॅपटॉप कुठला घ्यायचा? पूर्वी मी दोन मिनिटांत एखादे मॉडेल सांगून मोकळा व्हायचो. खाली लिहिलेल्या प्रकरणानंतर ते बंद केले. हे प्रकरण २०२४ सालचे आहे आणि कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी सांगोला तालुक्यातली. घरी तीन एकर डाळिंब, आई-वडील, आजी आणि एक धाकटा भाऊ. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली, पुढे तालुक्याला विज्ञान शाखा घेतली. सीईटीत चांगले गुण पडले. पहिल्या फेरीत सिव्हिल मिळाले होते. बेटरमेंट, म्हणजे ती जागा राखून वरच्या पसंतीची वाट पाहणे, घेतल्यावर तिसऱ्या फेरीत पुण्यात मेकॅनिकल मिळाले, माझ्या नव्हे, दुसऱ्या कॉलेजात. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याची राज्य सरकारची योजना २०२४-२५ पासून लागू झाली होती आणि ती त्यात बसत होती. म्हणून मेकॅनिकलला जायचे की नाही हा प्रश्न घरात उरला नाही. हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉप एवढाच खर्च राहिला.

तिच्या वडिलांना गावात सगळे आण्णा म्हणतात. माझे गाव त्यांच्या शेजारचेच. त्यांचा फोन आला तेव्हा पहिले वाक्य होते, "सर, तुमी म्हणाल ते घेतो. पैशाचं बघू कसंबी, पर पोरीला कमी पडू नये."

अडचण

वरवर पाहता अडचण नेहमीचीच होती. पैसा बेताचा आणि सल्ले भरपूर. अंदाजे पंचेचाळीस हजारांपर्यंत घर ताणू शकत होते, तेही लगेच नव्हे. आंबे बहाराचा माल सप्टेंबरात निघायचा होता. पावसाने तेल्या रोग पसरला तर भाव निम्म्यावर येतो, म्हणून व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडेपर्यंत आण्णा कुठलाच आकडा पक्का धरत नव्हते.

दुसरी अडचण मला तेव्हा दिसली नाही. लॅपटॉपविषयी मी आण्णांशी चार वेळा बोललो, तिच्या आत्येभावाशी दोन वेळा. मुलीशी एकदाही नाही. तिने आयुष्यात संगणक किती वेळ हाताळला आहे, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. उत्तर होते : शाळेतल्या संगणक कक्षात एका यंत्राभोवती पाच-सहा जणी, आठवड्यातून एक तास, तोही वीज असेल तर.

कोण काय म्हणत होते

आत्येभाऊ हिंजवडीत आयटीत आहे. त्याचे म्हणणे, मॅकबुक एअर घ्या, एम-वन चिपचा, सवलतीत पासष्ट-सत्तर हजारांत मिळतो, बॅटरी दिवसभर पुरते आणि पाच वर्षे बघावे लागत नाही. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण मेकॅनिकलला कॉलेजात सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही जी कॅडची सॉफ्टवेअर शिकवतात ती विंडोजवर चालतात. ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने विंडोज टाकायची वाटही राहिलेली नाही. त्याच्या कामाला जो लॅपटॉप उत्तम, तो हिच्या शाखेला दुसऱ्याच वर्षी अडवणार होता.

धाकट्या भावाला आरटीएक्स ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप हवा होता. किंमत बहात्तर हजार, वजन सव्वादोन किलोच्या वर आणि चार्जर अर्ध्या किलोचा वेगळा. हॉस्टेलपासून बसथांबा आणि थांब्यापासून कॉलेज मिळून रोजचे दोन किलोमीटर चालणे होते. ते ओझे पाठीवर कोण घेणार होते, हे त्या चर्चेत कुणाच्या लक्षात आले नाही.

तालुक्याच्या दुकानदाराने अडतीस हजारांत एक दाखवला. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५, ७५२०यू, आठ जीबी रॅम. "सात हजार सीरिज आहे, एकदम लेटेस्ट." इथे जरा थांबून सांगतो, कारण दर वर्षी पाच-सहा घरे इथेच गोंधळतात. एएमडीच्या त्या मालिकेत पहिला अंक वर्षाचा असतो आणि आतली रचना तिसऱ्या अंकावरून कळते. ७५२० मधला दोन म्हणजे झेन २, ही २०१९ साली आलेली रचना, चार कोअर. ७५३० मधला तीन म्हणजे झेन ३, सहा कोअर. नावात फरक एका अंकाचा, कामात पुष्कळ. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. आज आठ जीबी घेतली की चार वर्षे आठच. टायपिंग, ऑनलाईन तासिका, ब्राउझर यांना तो लॅपटॉप पुरेसा आहे. कॅडला तो तिसऱ्या सत्रात रडवला असता.

इंटेलकडेही असेच आहे. बाराव्या पिढीचा आय ५ म्हटले तरी १२३५यू आणि १२४५०एच यांत अंतर आहे. शेवटी यू असलेला पंधरा वॅटच्या हिशेबाने बांधलेला, बॅटरीला हलका. एच असलेला पंचेचाळीस वॅटचा, जड कामाला दमदार.

चौथा पर्याय तपकीर गल्लीतला, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला, वापरलेला ऑफिस लॅपटॉप होता, बावीस हजारांत, इंटेलच्या आठव्या पिढीचा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज १० वरच अडकतात आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झाले होते. हा त्या अटीत बसत होता. तरी घरपोच वॉरंटी नाही आणि बॅटरी दमलेली, म्हणून मी तो फोनवरच उडवून लावला. या नकाराकडे पुढे परत येणार आहे.

पहिला निर्णय : थांबायचे

मी आण्णांना सांगितले, दिवाळीपर्यंत काही घेऊ नका. कारणे पक्की होती. पहिले वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखे असते, कॅडचे खरे काम दुसऱ्या वर्षी येते. त्या कॉलेजात कुठली सॉफ्टवेअर लागतात हे सीनियर मुलांकडून नीट कळते, माहितीपत्रकातून नाही. कॉलेजची लॅब आहेच. आणि डाळिंबाचे पैसे तोवर हातात येतील, हप्ता बांधून घ्यावा लागणार नाही.

आण्णांना हे फार पटले. "आता निवांत झालो बघा," असे म्हणाले. मलाही आपण शहाणा सल्ला दिला असे वाटले. मुलगी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजात रुजू झाली.

ते सात आठवडे

पहिल्या सत्रात सी प्रोग्रामिंग होते. आठवड्याला एक प्रॅक्टिकल, दोन तासांचे. लॅबमध्ये एका संगणकावर दोघे बसायचे. तिचा जोडीदार पुण्यातलाच, सातवीपासून घरी संगणक असलेला. तो टाईप करायचा, ही वहीत उतरवून घ्यायची. हॉस्टेलच्या खोलीत चौघींपैकी दोघींकडे लॅपटॉप होते. त्यातली एक रात्री अकराला स्वतःचे काम आटोपल्यावर हिला अर्धा तास द्यायची, तेही मनापासून. पण रोज मागायचे म्हणजे किती मागणार?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ती माझ्या लॅबला आली. प्रॅक्टिकलची अंतर्गत परीक्षा झाली होती आणि वीसपैकी सहा गुण मिळाले होते. मी म्हटले, बस, तोच प्रोग्राम इथे करून दाखव. दोन संख्यांमधली मोठी शोधायची, एवढाच होता. वहीत तो अचूक लिहिलेला होता, अक्षरही सुंदर. कीबोर्डवर मात्र महिरपी कंस सापडायला तिला अर्धे मिनिट लागले, कारण शिफ्ट दाबून धरायचे असते हे बोटांना माहीत नव्हते. मोबाईलवर याच बोटांनी ती आईला पानभर निरोप क्षणात लिहिते. अर्धविराम मिळाला, पण पुढच्या ओळीवर जाताना माऊस धरण्यासाठी हात उचलला आणि डोळ्यांतून ओळच सुटली. प्रोग्राम चालला. मग तिने हळूच विचारले, "सर, फाईल सेव्ह केली, पण ती गेली कुठं?"

मोबाईलवर फोल्डर नावाची गोष्ट फारशी दिसतच नाही. फोटो गॅलरीत असतात, पीडीएफ व्हॉट्सॲपवर असते. फाईल एखाद्या ठिकाणी ठेवायची असते आणि ते ठिकाण आपण ठरवायचे असते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. परीक्षेत तिचा प्रोग्राम बरोबर होता. तो दुसऱ्या फोल्डरात सेव्ह झाला आणि तपासायला आलेल्या मॅडमना रिकामी फाईल दिसली.

त्या दिवशी ती रडली नाही. एवढेच म्हणाली की मेकॅनिकल आपल्याला जमणार नाही असे वाटते आहे. सांगोल्याहून सीईटीत एवढे गुण मिळवून आलेली मुलगी हे म्हणत होती, तेही शिफ्टच्या बटणापायी. मी थांबायचा सल्ला प्रोसेसर आणि भाव बघून दिला होता. ज्याच्या घरी आधीपासून संगणक आहे त्याला सात आठवडे थांबून काही बिघडत नाही. हिला त्याच सात आठवड्यांत कीबोर्ड हाताखाली हवा होता. कॅडला चालेल असा नसता तरी चालले असते, कसलाही पण स्वतःचा.

दुसरा निर्णय : कुठला घ्यायचा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आण्णा पुण्याला आले. माल बरा गेला होता. तोवर मुलीने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सहा जणींना विचारून माहिती काढली होती आणि ती माझ्यापेक्षा नेमकी होती. दुसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड, तिसऱ्या वर्षी ॲन्सिस, म्हणजे भागावरचा ताण वगैरे तपासायचे सॉफ्टवेअर. ॲन्सिसचे मोठे काम लॅबमध्येच करतात. ग्राफिक्स कार्डवाले लॅपटॉप घेतलेल्या दोघी ते आता खोलीवरच ठेवतात, कॉलेजला नेत नाहीत. हॉस्टेलवर चौघींत दोन प्लग.

या माहितीवर यादी झटकन आखडली. एच मालिकेचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, पाचशे बारा जीबी एसएसडी, रॅमच्या दोन जागा, वजन पावणेदोन किलोच्या आत. सुटे पार्ट आणि वीस-पंचवीस भागांची असेंब्ली प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर निभावते, हे मी रोज लॅबमध्ये पाहतो. रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या की ते ग्राफिक्स आणखी मोकळे होते, म्हणून दोन जागांचा आग्रह.

दुकानात दोन लॅपटॉप उरले. एकाची स्क्रीन जास्त उजळ आणि रंग चांगले, किंमत अठ्ठावन्न हजार, रॅम सोळा पण जोडलेली. दुसरा सत्तेचाळीस हजार पाचशेचा, आय ५-१२४५०एच, आठ जीबीची एक पट्टी आणि एक जागा रिकामी. स्क्रीनची उजळता २५० निट्स, म्हणजे खिडकीजवळ बसले की फिकी वाटणारी. आण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, तिला विचारा.

तिने दोन्ही उचलून पाहिले. दोन्हींवर उभ्या उभ्या तो मोठी संख्या शोधायचा प्रोग्राम टाईप केला, या वेळी कंसासह. मग आण्णांना म्हणाली, "याची बटनं बोटाला लागत्यात. आणि साडेदहा हजार वाचत्यात." दुसरा घ्यायचे ठरले.

तिथे एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. दुकानातला मुलगा लॅपटॉप चालू करून दुकानाच्याच ईमेलने विंडोजची मांडणी करायला लागला होता. गिऱ्हाईकाला सोपे जावे म्हणून पुष्कळ ठिकाणी असेच करतात. पण विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, तेव्हा ते कुलूप उघडायचा लांब आकडा, रिकव्हरी की, त्या खात्यात जाऊन बसते. उद्या लॅपटॉपने की मागितली तर ती दुकानात शोधायची पाळी येते. त्याला थांबवले आणि मुलीच्या स्वतःच्या खात्याने सगळे केले. बिलावरचा सिरीयल नंबर लॅपटॉपखालच्या नंबराशी आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या वॉरंटीच्या तारखेशी जुळवून पाहिला. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता आणि आताची क्षमता सारखी होती, म्हणजे काचेच्या कपाटात महिनोन्महिने चालू ठेवलेला नमुना नव्हता.

पैशाची जुळणी

दुकानात नो-कॉस्ट ईएमआयचा, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा, फलक होता. त्यात व्याजाची रक्कम सूट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. वर रोखीने घेतल्यास मिळणारी दीड हजारांची सूट जात होती. आण्णांनी चाळीस हजार दिले. उरलेले आईने बचत गटातून शेकडा एक रुपयाने उचलले आणि चार महिन्यांत फेडले. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्यांसाठी सांगतो : बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला गरज असेल तर संगणकाची वाजवी किंमत धरता येते. कर्जाचा अर्ज भरतानाच हे विचारावे. या घराने कर्जच घेतले नाही.

दुकानदार बाविसशे रुपयांत अपघाती नुकसानीचे संरक्षण देत होता. आण्णा घ्यायला तयार होते. मी नको म्हटले.

पुढे काय झाले

पहिल्या सत्राच्या शेवटी ती सीमध्ये उत्तीर्ण झाली, काठावर. दुसऱ्या सत्रात चांगली वर आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सतराशे रुपयांची आठ जीबीची दुसरी पट्टी आणली. तिची तिनेच बसवली, मी फक्त स्क्रू कुठे ठेवायचे ते सांगितले.

मार्चमध्ये बॅगेत पाण्याची बाटली गळली. पाणी कीबोर्डात गेले. तिने लगेच बंद करून उलटा ठेवला, म्हणून मदरबोर्ड वाचला. पण कीबोर्ड गेला. साध्या वॉरंटीत पाणी धरत नाहीत. तपकीर गल्लीत नवा कीबोर्ड बसवायला तीन हजार आठशे लागले आणि पाच दिवस गेले. बाविसशेचे संरक्षण माझ्या शब्दामुळे नाकारले होते. आण्णा यावर चकार शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मला अधिक लागले.

आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. सॉलिडवर्क्सवर पार्ट काढायला लॅपटॉप पुरतो. मागच्या सत्रात गिअरबॉक्सची साठ भागांची असेंब्ली अडखळायला लागली, तेव्हा ते काम तिने लॅबमध्ये केले. बॅटरी सहा तासांवरून चारवर आली आहे. स्क्रीनची तक्रार ती अजून करते आणि ती रास्त आहे. सकाळच्या उजेडात बारीक मापे दिसत नाहीत.

खर्चाचा हिशेब असा : लॅपटॉप ४७,५००, बॅग आणि माऊस ९००, रॅम १,७००, कीबोर्ड ३,८००. एकूण ५३,९००.

आज पुन्हा ठरवायचे झाले तर

मोठा लॅपटॉप घ्यायला थांबणे मी आजही चूक मानत नाही. शाखा पक्की झाल्यावर आणि सीनियरांना विचारल्यावर घेतला म्हणूनच तो नेमका मिळाला. ऑगस्टमध्ये घेतला असता तर सत्तर हजारांचा मॅक किंवा वाढवता न येणाऱ्या आठ जीबीचा लॅपटॉप घरात आला असता. पण थांबताना मधल्या काळाची सोय करायला हवी होती, ती मी केली नाही.

तो बावीस हजारांचा जुना लॅपटॉप मी उगाच उडवला. एवढाही नको होता. दहा-बारा हजारांचा जुना डेस्कटॉपसुद्धा बारावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्येच गावी पोहोचला असता तर सीईटीनंतरचे तीन महिने तिला मिळाले असते. शिफ्ट, कंस, फाईल, फोल्डर, पेनड्राईव्ह. यासाठी प्रोसेसरची पिढी बघावी लागत नाही. नंतर तेच यंत्र धाकट्या भावाला उपयोगी पडले असते.

अपघाती संरक्षण घरी राहणाऱ्या मुलाने नाकारले तर चालते. हॉस्टेलवर चौघींच्या खोलीत, बाटली आणि लॅपटॉप एकाच बॅगेत घेऊन बसने जाणाऱ्या मुलीसाठी ते घ्यायलाच हवे होते. स्क्रीनच्या बाबतीत मी तिला दुकानाबाहेर उजेडात नेऊन दाखवायला हवे होते. दुकानातल्या दिव्यांखाली २५० आणि ३०० निट्समधला फरक कळत नाही. कळला असता तर कदाचित तिने साडेदहा हजारांचा विचार वेगळा केला असता, कदाचित नसताही.

आता माझ्याकडे फोन आला की मी आधी सांगतो, मुलाला किंवा मुलीला फोन द्या. कुठला लॅपटॉप हवा हे विचारत नाही. घरी संगणक होता का, फाईल कुठे सेव्ह होते माहीत आहे का, कॉलेजला चालत जाणार की बसने, खोलीत प्लग किती, एवढे विचारतो. मॉडेलचे नाव तिसऱ्या-चौथ्या फोनवर येते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन गावी गेली. भाऊ यंदा बारावीला आहे. आण्णांनी व्हिडिओ पाठवला. ओसरीवर भाऊ मांडी घालून बसला आहे, मांडीवर लॅपटॉप आहे आणि मागून तिचा आवाज येतो, "आदी फोल्डर कर. त्याला तुजं नाव दे. आता सेव्ह कर, आणि मला सांग, कुठं गेली?"